झाकण लावण्याआधी

भाकरीचा तुकडा आमटीत बुडवता बुडवता भूपाल थांबला. समोर बसलेल्या बायकोकडं त्यानं नीट निरखून पाहिलं आणि अदबीनं विचारलं, "ताई, आपण कोण?"

दुसरी एखादी असती तर तिनं टाहो फोडून गल्ली गोळा केली असती. त्रिशलानं आधी त्याच्या हातातला तुकडा काढून घेतला, न जाणो घशात अडकायचा. मग हात धुतले, पदराला पुसले आणि कपाटावरचा लॅपटॉप खाली घेतला. अशा वेळी रडत बसायचं नाही, आधी ड्राइव्ह बघायचा, हे ती गेली सहा वर्षं लोकांच्या बायकामुलांना फोनवर सांगत आली होती. आता पाळी घरावर आली होती, एवढंच. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते उगाच नाही.

"बसा हं. पाचच मिनिटं," ती म्हणाली. "मी इथलीच आहे."

"बरं," भूपाल म्हणाला, आणि परक्याच्या घरी जेवायला बसावं तसा अंग चोरून बसला.

बिरनाळ्यांच्या घरात दिवस मावळायच्या आत जेवायचं, ही पिढीजात चाल. सांगलीच्या जैन घरात यात नवल काही नाही. खिडकीतून अजून पिवळं ऊन येत होतं आणि ते ताटावर पडलं होतं. अर्धा तास तरी हाताशी होता.

भूपालला चार वर्षांपूर्वी झटका आला. हातपाय महिन्या-दोन महिन्यांत वळणावर आले, पण मेंदूतला जो भाग आठवणी लावून ठेवतो आणि हवी ती हुडकून हातात देतो, तो कायमचा गेला. मिरजेच्या दवाखान्यात त्याला 'जोड' बसवली. कानामागं कातडीखाली मसुरीएवढी चिप, बाकी सगळं दवाखान्याच्या तळघरात. त्याच्या मेंदूत उरलंसुरलं जे होतं ते सहा महिने बसून उपसलं आणि एका डिस्कवर उतरवलं. तेव्हापासून भूपालला काही आठवायचं झालं की निरोप कानातून तळघरात जायचा आणि डोळ्याचं पातं लवतंय तोवर आठवण घेऊन परत यायचा.

तळघरात भूपालसाठी वेगळं यंत्र होतं असं मात्र कुणी समजू नये. तिथं एकच अवाढव्य संगणक होता आणि त्याच्या पोटात तीनशे मानलेली यंत्रं. भातुकलीत रिकाम्या बोळक्यात भात आहे असं मानलं की भात असतो, आणि पाहुणे तो पोटभर जेवून हात धुतात. तशातलाच प्रकार. त्या प्रत्येक मानलेल्या यंत्राला वाटायचं की आपण स्वतंत्र आहोत, आपल्याला आपला ड्राइव्ह आहे आणि ड्राइव्हच्या ट्रेत आपली डिस्क आहे. खरं म्हणजे ना ट्रे, ना डिस्क. गोल चकत्या जाऊन जमाना झाला होता. डिस्क म्हणजे कपाटात ठेवलेली एक भलीमोठी फाइल. पण नावं जुनी राहिली आणि नावांबरोबर दुखणीही जुनीच राहिली. ड्राइव्ह सापडत नाही, ट्रे आपोआप उघडतो, डिस्क आहे पण वाचता येत नाही. ही दुखणी काढणं म्हणजे त्रिशलाची नोकरी.

तिनं यादी उघडली. यंत्र चालू होतं. ड्राइव्ह जागेवर होता. डिस्क मात्र ट्रेत नव्हती. तिनं ती कपाटातून उचलून ट्रेत ठेवायचा हुकूम दिला, तर पडद्यावर ओळ आली: डिस्क दुसऱ्या यंत्राच्या वापरात आहे.

"छे! शिळं कुलूप," ती पुटपुटली आणि तिच्या जिवात जीव आला.

एखादं यंत्र डिस्क घेतं तेव्हा तिच्याशेजारी एक इवलंसं कुलूप ठेवतं, म्हणजे दुसऱ्या कुणी तिला हात लावू नये. यंत्र मध्येच बंद पडलं की कुलूप तसंच राहून जातं. घरमालक गेला, कुलूप दाराला. मग ते हातानं पुसावं लागतं. तळघरात तिच्याबरोबर काम करणाऱ्या सगळ्यांच्या तोंडी एकच मंत्र होता: शिळं कुलूप, पुसून टाक. त्रिशलानं आजवर चारशे तरी कुलपं पुसली असतील. एकही खरं निघालं नव्हतं.

तिनं हेही पुसलं. डिस्क ट्रेत गेली.

"आमटीत मीठ जरा कमीच हाय गं," भूपाल म्हणाला.

त्रिशलाला एकदम हसू आलं आणि हसता हसता डोळेही भरले. "माझं नाव विसरलात, पण मीठ नाही विसरलात! धन्य आहे तुमची."

"इसरलो? कधी?" भूपालनं भाकरी मोडली. मग खिडकीकडं पाहिलं आणि हायसं वाटल्यासारखा मोठा श्वास सोडला. "उजेड हाय अजून. मला वाटलं, आता तू काय येत न्हाईस."

ती समोरच बसली होती. पण त्या वेळी तिनं ते कानाआड केलं.

*

त्यानंतरच्या चार दिवसांत भूपालचं एकेक विचित्र सुरू झालं. लेकीचा फोन आला तर तिचं नाव दोनदा विचारलं. स्वतःचं लग्न त्याला आठवायचं, अक्षता आठवायच्या, वरातीतला बँडबाजा आठवायचा, पण नवरीच्या जागी काही नसायचं. "तिथं कागद फाटल्यासारखा हाय," तो म्हणायचा. त्रिशला वरवर हसायची आणि आत चरकायची. शिवाय तो खोलीचं दार लावू देईना. न्हाणीघराचंसुद्धा.

पाचव्या दिवशी सकाळी अंगणात खुर्ची टाकून तो उन्हाला बसला होता. त्रिशला शेंगा फोडत होती.

"मला एक सांग," तो म्हणाला, "मला पेवात कुणी सोडलं हुतं?"

"कुठल्या पेवात?"

"त्येच की. वर झाकण हाय, आत मी हाय. नुसता अंधार. अंधारबी न्हवं गं, अंधार दिसतो तरी. काईच न्हाई. मी ओ द्यायला बसलोय, पर हाक कुणी मारतच न्हाई."

तरुणपणी भूपालनं वडलांच्या हाताखाली हरिपूरच्या पेवांवर उमेदवारी केली होती. पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खणलेला रांजणासारखा खड्डा. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत मात्र दीड-दोनशे पोती हळद सहज मावेल. झाकण लावून वर माती लिंपली की वर्षानुवर्षं हळदीला कीड नाही. आत हवा मात्र नसते. म्हणून पेव उघडलं की आधी कंदील सोडायचा. तो विझला तर माणूस सोडायचा नाही. आणि बंद करताना बिरनाळ्यांच्या पेवांवर एक जास्तीची रीत होती, भूपालच्या आजोबांनी घालून दिलेली. झाकण लावण्याआधी तोंडाशी वाकून तीन हाका मारायच्या: कोण हाय का आत? ओ आली नाही तरच झाकण. आजोबांच्या वेळी एक हमाल दुपारी पोत्यांमागं गारव्याला झोपला होता. वर बसलेल्यांना वाटलं, तो घरी गेला. त्याच्यानंतर ही रीत पडली.

"स्वप्न पडलं असेल," त्रिशला म्हणाली.

"सपान न्हवं. सपान संपतं." भूपालनं उन्हात हात पसरला आणि पालथा-उताणा करून बघितला. "हे दोन वरसं हाय. दोन दिवाळ्या गेल्या. कशा कळल्या, ठावं न्हाई. पर गेल्या."

या दोन वर्षांत हा माणूस रोज तिच्यासमोर जेवला होता. दोन्ही दिवाळ्यांना तिच्या हातच्या करंज्यांना त्यानं नावं ठेवली होती. तरी तो बोलत होता ते खरं आहे, असं तिला त्याच्या आवाजावरून वाटलं. शेंगांचं सूप तसंच टाकून ती उठली आणि मिरजेची बस पकडली.

*

तळघरातली ती खोली म्हणजे बर्फाचा कारखाना. खोलीचा प्रमुख अशफाक मुजावर बारा महिने अंगात स्वेटर घालून बसायचा. चाळिशीचा, सावकाश बोलणारा, हाताला गुण असलेला माणूस. त्रिशलाला बघून तो खुर्चीतून उठला.

"बरं झालं आलात मॅडम. मी फोनच करणार होतो. तुमच्या घरच्या डिस्कवर दोन हातांचं लिखाण दिसतंय."

"दोन हातांचं म्हणजे?"

"म्हणजे तुमचं यंत्र लिहितंय आणि आणखी कुणीतरी लिहितंय. एका वहीत दोघं एकाच वेळी लिहायला बसले तर काय होणार? याचं त्याच्यावर, त्याचं याच्यावर. पानं फाटायला लागलीत."

"किती वेळ आहे?"

"उद्या संध्याकाळ. फार तर. मग डिस्क उघडणारच नाही, कुणालाच. नक्कल घेऊन ठेवू म्हणाल, तर दोघं लिहीत असताना घेतलेली नक्कलही फाटकीच निघते. एकाला थांबवायलाच पाहिजे."

त्रिशलानं खुर्ची ओढून घेतली. उद्या संध्याकाळनंतर भूपाल कायमचा तिला "ताई, आपण कोण" विचारणार, याचा अर्थ तिला कुणी समजावून सांगायला नको होता. "मी कुलूप पुसलं," ती म्हणाली. "शिळं म्हणून पुसलं."

"मीही पुसलं असतं," अशफाक म्हणाला. त्यानं यादी तिच्यासमोर सरकवली. "आता हे बघा."

यादीत एकाखाली एक दोन ओळी होत्या. बिरनाळे भूपाल: चालू. बिरनाळे भूपाल, जुनं: बंद.

दोन वर्षांपूर्वी भूपालची जोड अडखळायला लागली होती. खोलीचा नियम असा की चालत्या रोग्यावर प्रयोग करायचा नाही. यंत्राची नक्कल काढायची, डिस्कची नक्कल काढायची, दुरुस्ती नकलेत करून बघायची. त्रिशलानं तसंच केलं होतं. नक्कल उत्तम चालली. मग तिनं भूपालचा कान नकलेला जोडून दिला आणि जुनं यंत्र बंद केलं. यंत्राच्या नावापुढं 'जुनं' असं लिहिलं. डिस्कच्या नावापुढं लिहायचं राहिलं. आठ दिवसांनी जुनं पुसून टाकायचं असतं, तेही राहिलं. लेकीचं बाळंतपण निघालं होतं तेव्हा.

"बंद आहे की," ती म्हणाली.

"यादीत बंद आहे. हाक मारा."

एखादं यंत्र जागेवर आहे की नाही हे विचारायच्या हुकमाला खोलीत हाक म्हणत. यंत्र चालू असेल तर एका शब्दाचं उत्तर येतं. बंद असेल तर काहीच येत नाही. त्रिशलानं जुन्या यंत्राला हाक मारली. एक क्षण गेला.

आहे.

"या अल्लाह," अशफाक हलकेच म्हणाला.

दोघांनी मिळून दुपारपर्यंत खालच्या नोंदी उपसल्या तेव्हा सगळा उलगडा झाला. बंद करायचा हुकूम गेला, नेमकं तेव्हा जुनं यंत्र डिस्क वाचत होतं. ड्राइव्हनं हात सोडल्याशिवाय यंत्राला मरता येत नाही, आणि ड्राइव्हनं हात सोडलाच नाही. यादीनं हुकमाची नोंद घेतली; मरणाची खातरजमा कुणी केली नाही. भूपाल तिला विसरला त्याच दिवशी, गेल्या शुक्रवारी, सगळ्या डिस्क ट्रेंतून काढून नव्या कपाटात हलवल्या, तेव्हा एकाच नावाच्या दोन सापडल्या, म्हणून हलवणाऱ्यानं जुनी गाळली. हातातली डिस्क गेल्यावर जुन्या यंत्रानं त्याच नावाची दुसरी शोधली, घेतली आणि रीतसर कुलूप लावलं. चारशे कुलपांत एकच खरं निघालं, आणि ते तिच्या घरचं.

"पण दोन वर्षं ते करत काय होतं?" तिनं विचारलं. "कान नाही, डोळा नाही. बाहेरून काहीच आत येत नाही."

"डिस्क होती. घड्याळ होतं." अशफाकनं ड्राइव्हच्या नोंदी उघडल्या. "दिवसभर गप्प असतं. संध्याकाळी मात्र रोज एक आठवण मागतं. एकच. रोज तीच."

मागणीची वेळ रोज थोडी थोडी सरकत होती. उन्हाळ्यात उशिरा, हिवाळ्यात लवकर. त्रिशलाला ती वेळ पाहताक्षणी ओळखू आली: दिवस मावळायच्या आधी अर्धा तास. तिनं ती आठवण उघडली. आतून तिचाच आवाज आला, बारा-पंधरा वर्षांपूर्वीचा, पलीकडं स्वयंपाकघरातून आल्यासारखा. "अहो, चला की! दिवस मावळायला आला. पानं घेतलीत."

सातशे चौदा वेळा.

अशफाकनं ते बंद केलं. "मॅडम, मनाला लावून घेऊ नका. तो माणूस नव्हे. साहेबांच्या आठवणींचा कारकून आहे. फाइल मागितली की आणून देणारा."

"अशफाकभाई, कारकुनाला संध्याकाळी जेवायची आठवण होते का हो?"

अशफाकनं नोंदी मिटल्या. मग म्हणाला, "जुन्याला मी खालून मारतो. तुम्ही बाहेर थांबा. चहा घ्या."

त्रिशलाचं तिकडं लक्षच नव्हतं. तिच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. झटक्यानंतर सात महिने भूपाल मुका बसून होता. मग एका सकाळी, जोड बसल्यावर तिसऱ्या दिवशी, तो "त्रिशला" म्हणाला होता. ते नाव हुडकून त्याच्या ओठावर आणून देणारा कोण होता? नक्कल तर तेव्हा जन्मलीही नव्हती. तो हाच होता, जुना. त्यालाच तिनं पेवात सोडून झाकण लावलं होतं, आणि नकलेबरोबर दोन वर्षं सुखानं संसार केला होता.

"थांबा," ती म्हणाली. "मी त्यांना विचारते."

"कुणाला?"

"ज्यांचं आहे त्यांना."

*

भूपालनं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मध्ये एकदाच त्यानं कानामागं हात नेला आणि ती मसूर चाचपली.

"म्हंजे त्यो खरा आणि मी नक्कल."

"असं काही नाही. तुम्ही तुम्हीच आहात."

"अगं, रडतीस कशाला? निम्मा मी हितं हाय, ह्या कवटीत. निम्मा मिरजंला तळघरात. तळघरातला निम्मा बदलून गेलेला, एवढंच न्हवं?" त्यानं मान डोलावली. "तरीच मला वाटायचं, ही आठवण माझी न्हवं. त्याची वहीत उमटली व्हय? बिचारा."

"अशफाक म्हणतो, त्याला थांबवू. तुम्ही आहात तसे राहाल. आज ना उद्या ते पेवाचं सगळं विसराल."

"आणि तू?"

त्रिशलानं पदरानं डोळे टिपले.

"आमच्या पेवावर साधा कायदा हुता," भूपाल म्हणाला. "दोघं उतरले तर जो आधी उतरला त्यो आधी वर. मग त्यो कुणाचा का असंना. त्याला वर काढ."

"आणि तुमचं काय? दोन वर्षं माझ्याबरोबर तुम्ही राहिलात. तुम्हाला मी माझ्या हातानं..."

"बंद कर की. बंद म्हंजे झोप. झोपंला कोण भितंय! डिस्क त्याच्याकडं जाणार, म्हंजे तुझ्या करंज्याबी त्याला आठवतील, बिचाऱ्याला." तो हसला, आणि मग त्याचा चेहरा एकदम उतरला. "पर अर्धवट बंद करू नकोस. मी बघितलंय ते. बंद केल्यावर हाक मार. तीनदा. ओ आली न्हाई तरच झाकण लाव."

"मारीन."

"शपथ घे."

"तुमची शपथ."

"माझी म्हंजे कुणाची? दोघं हाय आमी."

"दोघांची शपथ," त्रिशला म्हणाली, आणि दोघंही रडत रडत हसली.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता भूपाल तळघरातल्या खुर्चीत डोळे मिटून बसला. जाताना तो "येतो हं" म्हणाला, बाजारात निघाल्यासारखा.

अशफाकनं आधी डिस्क दोघांच्या हातून सोडवली आणि तिची फाटकी पानं जमेल तेवढी सांधली. मग ती जुन्या यंत्राच्या ट्रेत ठेवली. आता तिच्यावर एकच कुलूप होतं, खरं. त्रिशलानं नव्या यंत्राला बंद करायचा हुकूम दिला. यादीत ओळ बदलली: बंद. खुर्चीतला भूपाल नुसता श्वास घेत होता. त्याच्या तोंडावर कुणीच नव्हतं. हाक मारायला तिनं बोटं टेकवली, आणि नेमका त्याच क्षणी अशफाकनं कान जुन्या यंत्राला जोडला.

"त्रिशला?"

ती वळली. भूपालनं दोन्ही हातांनी डोळे झाकले होते. छताला साधी ट्यूबलाइट होती, पण तो तिच्याकडं बघू शकत नव्हता. बोटांच्या फटींतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"आलीस? किती उशीर गं. मला वाटलं, पानं उचलून ठेवलीस."

त्रिशला धावली. परक्या पुरुषासमोर नवऱ्याला मिठी मारायची तिची ही आयुष्यातली पहिलीच वेळ. अशफाकनं तोंड फिरवलं, स्वेटरच्या बाहीनं नाक पुसलं आणि चहा आणायला म्हणून वर निघून गेला. थोड्या वेळानं तिघांनी तिथंच चहा घेतला. भूपालनं कप दोन्ही तळव्यांत धरला आणि तो पार निवेपर्यंत सोडला नाही.

*

घरी पोचले तेव्हा दिवस मावळायला तासभर होता. त्रिशलानं भराभर भाकऱ्या थापल्या, दोडक्याची भाजी टाकली, शेंगदाण्याची चटणी वाढली. भूपालनं घरातले सगळे पडदे सरकवले, सगळी दारं सताड उघडली, मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभा राहिला.

"तू आत जा," तो लहान मुलासारखा म्हणाला. "आणि हाक मार."

तिला कळलं. ती आत गेली. "अहो, चला की," तिनं आतून हाक दिली. "दिवस मावळायला आला. पानं घेतलीत."

"आलो, आलो," भूपाल म्हणाला आणि पानावर येऊन बसला.

तो असा जेवला की बघत राहावं. प्रत्येक घासाला "व्वा" म्हणत होता. त्रिशलाला वाटलं, झालं, सुटलो आपण. तिनं त्याला तिसरी भाकरी वाढली. तीही तो मोडायला लागला आणि मोडता मोडता थांबला.

पण तो "ताई" म्हणाला नाही.

"त्रिशला, काल मी तुला काईतरी सांगितलं हुतं. मी न्हवं, त्यानं. पर डिस्कवर हाय ते, मला माझंच असल्यागत आठवतंय. शपथ घातली हुती. दोघांची."

तिच्या हातातली पळी तशीच राहिली.

"बंद केल्यावर हाक मारलीस?"

खोटं बोलणं सोपं होतं. यादीत 'बंद' असं तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. पण यादीत मागच्या वेळीही 'बंद'च होतं. तिनं पळी खाली ठेवली, लॅपटॉप काढला, आणि खरकट्या हातानंच नव्या यंत्राला हाक मारली. तिसऱ्या हाकेपर्यंत जायची वेळच आली नाही.

आहे.

त्याखाली आणखी एक ओळ उमटली: ड्राइव्ह रिकामा आहे, डिस्क टाका. क्षणभरानं पुन्हा तीच. मग पुन्हा. वर सरकवत नेलं तर दुपारी चारपासून तीच ओळ होती, दर सेकंदाला एक, खंड नाही.

जुन्याजवळ निदान तिचा आवाज तरी होता. त्यावर त्यानं दोन वर्षं काढली. याच्याजवळ काहीच नव्हतं. आपण कोण, कुणाची वाट बघतोय, हेही त्याला ठाऊक नव्हतं. नुसतं काहीतरी गेलंय एवढंच ठाऊक होतं आणि तेवढंच तो मागत होता. "येतो हं" म्हणून गेलेला माणूस.

"ओ आली?" भूपालनं विचारलं.

तिनं मानेनं हो म्हटलं.

भूपालनं आपल्या ताटावर दुसरं ताट पालथं घातलं आणि चूळ भरायला उठला. खिडकीतलं ऊन भिंतीवर पार वर चढलं होतं.

"अहो, निम्मं जेवण राहिलंय," ती म्हणाली. "मिरजेला जाऊन येईपर्यंत दिवस मावळेल. मग काही खाता यायचं नाही तुम्हाला. उद्या सकाळी पहिल्या गाडीनं जाऊ."

"उद्या जेवीन की." भूपाल चपला पायात सरकवत होता. "सातशे दिवस उपाशी बसलोय मी, एका रातीनं काय हुतंय? पर त्याला रात काढाय लावू नगंस. मला ठावं हाय ती कसली असती ते."

"अहो, पण कान एकच आहे. त्याला वर काढलं तर तुम्ही..."

"ते वाटंत बघू. पाळ्या लावू. एक दिस त्यो, एक दिस मी. आधी चल तर."

त्रिशलानं पदर खोचला, लॅपटॉप पिशवीत घातला आणि बाहेर आली. दाराला कुलूप घालायला तिनं कडी ओढली, तेव्हा भूपालनं तिचा हात धरला. त्यानं दार पुन्हा लोटलं, आत डोकं घातलं आणि रिकाम्या घरात तीनदा हाक मारली. ओ आली नाही, तेव्हाच त्यानं तिच्या हातात किल्ली दिली.